पिनांच्या सावल्या

सांगते, पण मध्ये हसायचं नाही. मी घाबरट आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं भांडं पडतं. म्हणून ही गोष्ट मी इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती.

राजाजीनगरच्या त्या दातांच्या दवाखान्यात मी गेले ती अगदी साध्या कामाला. एक्स-रे मशीनची ठरावीक काळानं तपासणी लागते. किरण आजूबाजूच्या खोल्यांत झिरपत नाहीत ना, हे मीटर धरून बघायचं आणि दाखला द्यायचा. आमची कंपनी एवढंच करते. दवाखाना डॉक्टर पुष्पावतींचा. साठीच्या बाई, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. मी 'डॉक्टर' म्हटलं तर म्हणाल्या, "अक्का म्हण गं. डॉक्टर म्हणणारे बाहेर बाकावर गाल धरून बसलेत."

एक्स-रेच्या खोलीला लागून हत्यारं धुवायची खोली होती. तिथे भिंतीला चिकटून स्टूल टाकून शिल्पाश्री दिवसभर बसायची. चिमटे, आरसे धुऊन पाकिटात भरायची, वाफेच्या यंत्रात लावायची. सातवा महिना सरत आला होता तिचा. मला बघून एक हात कमरेवर ठेवून ती उठायला लागली.

"बस गं, बस."

"सरी, बसते. कॉफी तरी घ्या स्वल्प. सासू म्हणते मुलगा, नवरा म्हणतो मुलगा. आतल्याला कुणी विचारलंच नाही, बघा मॅडम."

मी हसले आणि मीटर भिंतीशी नेलं, बरोबर तिच्या पोटाच्या उंचीवर. पलीकडे अक्कांनी मशीन चालवलं.

काटा हलला नाही.

तुला वाटेल, मग चांगलंच की. पण मीटर असं गप्प कधी नसतं. मातीतून, दगडातून, आकाशातून थोडे किरण सगळीकडे येतच असतात. काटा थरथरतच असतो. इथे तो मेल्यासारखा पडला होता. मी मीटर खिडकीशी नेलं, थरथरला. दाराशी नेलं, थरथरला. पुन्हा स्टुलामागे आणलं आणि... गप्प. जणू त्या तेवढ्या जागेवर कुणी पांघरूण घातलं होतं.

बाहेर येऊन आमच्या कंपनीच्या रविकिरण सरांना फोन लावला. ते खो-खो हसले. "संपदा, झुरळाला घाबरतेस हे ठाऊक होतं. आता शून्यालाही घाबरायला लागलीस? दाखला दे आणि ये."

मी दाखला दिला नाही. ती बाई त्या भिंतीशी पोट टेकवून बसत होती. माझ्या सहीवर ती उद्याही तिथेच बसली असती, परवाही. काही चुकलं असतं, तर ते तिच्या बाळाला भोगावं लागलं असतं.

म्हणून मी जुनी रीत केली. अक्कांकडे दातांच्या फिल्मची छोटी पाकिटं पडून होती. तशी पाकिटं भिंतीवर चिकटवायची आणि प्रत्येकाच्या भिंतीकडच्या बाजूला एकेक पिन लावून ठेवायची. किरण झिरपत असले, तर काही आठवड्यांनी फिल्म काळवंडते आणि पिनेची पांढरी सावली उमटते. पिना मी माझ्या बांगडीतल्याच काढल्या. स्टुलामागची भिंत भरून पाकिटं लावली, मागे पेन्सिलीनं क्रम घातला आणि शिल्पाश्रीचं स्टूल खिडकीशी हलवलं. पण मी गेल्यावर तिनं ते परत तिथेच नेलं. खिडकीशी ऊन लागतं म्हणे.

काही आठवड्यांनी परत गेले ती दुपारची वेळ होती. दवाखाना जेवणासाठी बंद, शटर अर्धं खाली. अक्का वर घरी जेवत होत्या, शिल्पाश्री बाकावर कुशीवर झोपली होती. मी पाकिटं उतरवली आणि कोपऱ्यातल्या खोलीत फिल्म धुवायला बसले. त्यासाठी एक बंद पेटी असते. दोन्ही बाजूंना कापडी बाह्या, त्यांतून हात आत घालायचे, वर लाल काच. काचेतून फारसं दिसत नाही, बोटांनीच काम करायचं. औषधाचा आंबट वास नाकात चढत होता. पंखा नव्हता. बाहेर कुठेतरी नळ ठिबकत होता, आणि हळूहळू तोही थांबला.

शेवटची फिल्म माझ्या चिमटीतून निसटली.

मी पेटीचा तळ चाचपला. या कोपऱ्यात... त्या कोपऱ्यात... नव्हती. आणि मग कुणीतरी ती माझ्या चिमटीत ठेवली.

अगदी सावकाश. लहान मुलाच्या हातात खडू द्यावा तशी. माझ्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत घट्ट होत्या, आत दुसरा हात शिरायला जागाच नव्हती. मी ओरडायला हवं होतं. पण ओरडले नाही. आणि खरं सांगू? भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटलं. देवळाच्या गाभाऱ्यात एकटं उभं राहिल्यावर वाटतं, तसं. मी ती फिल्म औषधात बुडवली. नीट बुडवली.

फिल्म वाळल्यावर, मागून दिवा लागणाऱ्या काचेवर क्रमानं मांडल्या. पिना उमटल्या होत्या, एकूण एक. म्हणजे भिंत गळत होती. पण पिनांच्या मागे आणखीही काहीतरी होतं. एका फिल्मवर पांढरी दांडी, शेजारच्यावर गाठ, खालच्यावर लहान लहान खड्यांसारखी हाडं. मी फिल्म एकमेकींना भिडवल्या.

हात होता. बोटं फाकलेला, भिंतीला तळवा लावलेला, मोठ्या माणसाचा हात. त्याच्या कडेनं सगळं काळं, आत मात्र फिकं. जे येत होतं ते तो अडवत होता. बरोबर स्टुलामागे, शिल्पाश्रीच्या पोटाच्या उंचीवर. तर्जनी तेवढी आखूड. मला वाटलं, एखादी फिल्म मांडायची राहिली. पण राहिली नव्हती. बोटच अर्धं होतं.

अक्का केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांच्या हाताला अजून ताकभाताचा वास होता.

"अक्का... हे..."

त्यांनी चष्मा लावला. मग खुर्ची ओढून बसल्या.

"अप्पा," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील, गुंडूराव. तो दवाखाना त्यांनीच थाटलेला. "तेव्हा फिल्म तोंडात कुणीतरी धरावी लागायची. मोठी माणसं आपली आपण धरायची. पोरं धरत नसत. अप्पा स्वतःचं बोट घालून धरायचे. रोज. सगळे सांगायचे, नका धरू. म्हणायचे, पोर हलतं गं, माझं बोट हलत नाही." त्यांनी त्या आखूड हाडावर नखानं हलकेच टेकवलं. "किरणांनी आधी नख काळं पडलं. मग कापावं लागलं. त्यानंतर ते मधल्या बोटानं धरायला लागले."

"अप्पा आता...?"

"जाऊन वीस वर्षं झाली." मग त्या एकदम उठल्या. "ती भिंत! दिवाळीत दुरुस्ती काढली तेव्हा मिस्त्रीनं विटा काढून पातळ पत्रे बसवले. मी म्हटलं, दातांचं एवढंसं मशीन, काय होणार आहे! मीच म्हटलं, संपदा."

त्याच मिनिटाला अक्कांनी मशीनचं बटण बंद केलं आणि शिल्पाश्रीला उठवून जयनगरला माहेरी धाडलं. ती बिचारी गोंधळली. "काय झालं अक्का? मी काही फोडलं का?" कुणी काही सांगितलं नाही.

भिंतीत शिशाचा पत्रा बसला. मी पुन्हा फिल्म लावल्या, पुन्हा धुतल्या. सगळ्या स्वच्छ. पिना नाहीत, हात नाही. मीटर धरलं तर काटा जसा थरथरायला हवा तसा थरथरत होता. मी दाखल्यावर सही केली. बाहेर पडताना उगीचच भिंतीला हात जोडले. अक्कांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

शिल्पाश्रीला मुलगी झाली. धडधाकट. बाळाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून ठीक आहे म्हटलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग अंगडं-टोपडं घेऊन बघायला गेले. खोलीत ऊन होतं, धुरीचा वास होता, बाळ पाळण्यात जागं होतं.

"उजवी मूठ सोडतच नाही," शिल्पाश्री कौतुकानं म्हणाली. "आंघोळीच्या वेळी आई उघडायला गेली, तर ही रडून घर डोक्यावर घेते."

मी वाकून बघितलं. मूठ घट्ट मिटलेली नव्हती. एखाद्या बोटाभोवती धरावी तशी गोल होती, आणि मधल्या पोकळीतून पलीकडच्या दुपट्याची फुलं दिसत होती. मी लाडानं त्या पोकळीत माझी करंगळी घालायला गेले.

आत गेली नाही. पोकळी दिसत होती, पण तिथे जागा नव्हती.

मी हात मागे घेतला. "राहू दे," म्हटलं, "जबरदस्ती करू नका."

तेवढ्यात बाळाचा तो हात सावकाश वर उचलला गेला. मूठ वर, मनगट मात्र सैल, लोंबतं. जणू ती स्वतः उचलतच नव्हती... कुणीतरी तिला बोटाला धरून न्यायला निघालं होतं.

"बघा, आत्तापासून कशी हात वर करते," शिल्पाश्री हसून म्हणाली.