जहिराच्या गाण्याचा वाटा

तबकड्या विकणाऱ्या साहेबांनो, तुम्ही जहिराचं गाणं लुटलंत. याला दुसरा सभ्य शब्द मी शोधत बसणार नाही. साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची तबकडी दुकानात शिरू दिली नाहीत, म्हणून भावही तुमचा आणि न्यायही तुमचाच!

चव्वेचाळीस सालचा हिवाळा. कोपरगावचा बाजार. हवेत गुऱ्हाळाचा गोड धूर, आणि ऊन कसं... साखरझोपेसारखं. जहिरा मनियारीण बांगड्यांची पेटी घेऊन चालली होती. कादरच्या हॉटेलापाशी तिचे पाय थबकले. आतल्या फोनोतून तिचाच आवाज येत होता!

नवरीला चुडा भरताना ती म्हणायची, ते तिनं स्वतः रचलेलं गाणं. वर्षापूर्वी तुमच्याच कंपनीनं मुंबईला नेऊन भरून घेतलेलं. पण तबकडी तिनं आज पहिल्यांदा ऐकली. घरी फोनो कुठला?

गल्ल्यावरचा कादर बघतच राहिला.

"च्या घेता... का दारातच चांदनं पाडता?"

"गानारनीला च्या फुकट हाय का?"

"ही गानारीन तर मुंबईची हाय. मिस चंद्रिका. तबकडीवर छापलंय की."

जहिरानं पुढची ओळ फोनोच्या आधीच म्हटली. कादरच्या हातातली कपबशी कलंडली.

मग ती दर बाजाराला येऊ लागली. दोन-तीन बाजारांत 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"हॉटेलात वाजवायची फी भरतो मी कंपनीला," कादर एकदा म्हणाला. "गानारनीला पोचती म्हनत्यात."

"मला एकदाच काय ते पैसं दिलं, नाव बी भलतंच छापलं. मागनं वाटा मागितला, तर आदी म्हनले बघू, मग म्हनले, कागदावर अंगठा हाय तुजा."

"दिलास कशाला?"

"बांगड्या भरताना आमी बाईचा हात धरून काय म्हनतो? सैल सोड बाई, दुखनार न्हाई. त्यो एजंट बी तसंच म्हनला... मी सोडला सैल."

कादरनं हळूच हात पुढं केला.

"गड्याच्या हातात बांगड्या? लोक हसतील!"

"बांगड्या नगंत... नुसता धर."

तिनं धरला. फोनोची चावी संपली, आवाज जड होत होत थांबला. दोघांना पत्ताच नाही.

पुढच्या बाजारी कंपनीचा एजंट सूर्यभान आला, तेव्हा जहिरा हॉटेलातल्या चुलीपाशी गुणगुणत होती.

"हे गाणं कंपनीचं आहे!" तो गरजला. "बाई, चारचौघांत म्हणायचं नाही. आणि कादर, हिला इथं गाऊ दिलंस, तर यापुढं एक तबकडी मिळायची नाही. दुसरीकडून कुठून आणतोस, बघतो!"

खरंच होतं ते. फोनोपायीच तर हॉटेलात गर्दी व्हायची. जहिरानं पेटी उचलली. "मी जाते..."

"थांब." कादरनं तबकड्यांचा गठ्ठा उचलून एजंटाच्या हातात कोंबला. "घिऊन जा. तुमची चंद्रिका तुमाला लखलाभ. माजी जहिरा हितं गाईल."

गिऱ्हाइकं खदखदून हसली. सूर्यभान कोर्टाची धमकी देत पायऱ्या उतरला. जहिराच्या कानात मात्र एकच शब्द रुंजी घालत राहिला... माजी.

"गिऱ्हाईक न्हाई आलं तर?" तिनं विचारलं.

"तर आपन दोघंच ऐकू."

"अन् आलं तर? माजा वाटा?"

"अर्धा."

"अन् घरात?"

कादर कानापर्यंत लाल झाला. कोरडंच टेबल फडक्यानं पुसू लागला. "घरात... ते... बघू की..."

"बघू न्हाई चालायचं. कंपनी बी बघूच म्हनली हुती!" तिनं फडकं ओढून घेतलं, डोळे त्याच्या डोळ्यांत रोवले. "माज्या अब्बांकडं कवा येतोस? दिवस सांग. आत्ता!"