हिरव्या पट्ट्यातले चाळीस दिवस

प्रयोगशाळेच्या भिंतीभर बाबांची साखर पसरली होती. चाळीस दिवसांची. हिरव्या पट्ट्याच्या आत झुळझुळ वाहणारी, कुठेही न उसळलेली, कुठेही न बुडालेली एकच रेघ. जुईली तांडेल शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून त्या रेघेकडे बघत होती. सोळा वर्षांच्या आयुष्यात आपण इतकी झकास गोष्ट दुसरी केलेली नाही, असं तिला परवापर्यंत वाटत होतं.

परवा जेवता जेवता बाबा पाटावरून कलंडले.

"दंडावरची टिकली म्हणते साखर एकशे चार," डॉ. शर्वाणी अभ्यंकर म्हणाल्या. "त्याच मिनिटाला आमच्या सिस्टरने बोटातून रक्त काढलं. ते म्हणतं पाचशे चाळीस. दोघांतलं एक खोटं बोलतंय."

"रक्त कशाला खोटं बोलेल?" सालढाणा साहेब म्हणाले. ते काळशी बंदराचे कर्मचारी अधिकारी. त्यांच्या मांडीवरची फाइल कधी हलत नसे.

"तेच तर," डॉक्टर म्हणाल्या.

जुईली बाहीचं बटण चाचपत राहिली. एरवी वर्गात तिला गप्प बसवायला दोन शिक्षक लागत.

हरेश्वर तांडेल काळशी बंदरावर सत्तर मीटर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बावीस वर्षं बसत होते. मधुमेह त्याहून जुना, चौदाव्या वर्षापासूनचा. कंपनीने मागच्या साली सगळ्या चालकांच्या दंडाला शर्करा-टिकली लावली. रुपयाएवढी चकती, दर मिनिटाला साखरेचा आकडा कंपनीला पाठवणारी. आकडा सत्तरच्या खाली गेला की आसनबंदी! खुर्ची आपोआप कुलूपबंद, क्रेन ठप्प, ती थेट पाळी संपेपर्यंत. वर्षात तीनदा असं झालं की खुर्ची कायमची गेली, उरलेलं आयुष्य गोदामात शिक्के मारायचे.

बाबांचं दोनदा झालं होतं. दुसऱ्यांदा आकडा होता अडुसष्ट. "चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला, दहा मिनिटांत पंच्याण्णव झाली गो," घरी येऊन ते म्हणाले होते. "मी बरा होतो, बाय. पण त्या खुर्चीला कोण सांगणार?" आणि दारात चपला काढायला बसले ते तसेच बसून राहिले. जुईलीने त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा तिलाच सुचलं. "बाबा, टिकली आकडा पाठवते, पत्ता थोडाच पाठवते! माझ्या दंडावर लावू."

बाबा भडकले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी टिकली हातात घेऊन मुकाट तिच्यासमोर उभे राहिले. स्वतःसाठी त्यांनी जुनी सुई काढली आणि दंडावर दाखवायला एक बंद पडलेली टिकली चिकटवली. "तुझ्या जन्माआधी बोट टोचूनच करायचो सगळं. कमरेचा इन्सुलिनचा पंप हाताने चालवीन, बटण दाबून."

"पण मग पंपाने इन्सुलिन का नाही दिलं?" प्रयोगशाळेत सालढाणांनी विचारलं.

"प्रतिदेहामुळे." डॉक्टरांनी भिंतीवर बोट ठेवलं, तशी रेघेशेजारी एक निळसर मानवाकृती उजळली. "हे संगणकात वाढवलेलं तांडेलांचं जुळं भावंड. ते उद्याची साखर आज सांगतं, म्हणून तुम्ही ते विकत घेतलं. पण त्याला डोळे नाहीत हो. टिकली सांगेल तेवढंच त्याचं जग. टिकली सांगत राहिली की हा माणूस लाडू खातो आणि दोन तासांत साखर आपोआप जागेवर येते. जुळं काय शिकेल?"

"की माणूस बरा झाला."

"बरोबर. स्वादुपिंड जागं झालं! मग पंपातून दिवसभर थेंब थेंब जाणारी मूळमात्रा ते रोज चिमूटभर कमी करत गेलं. जेवणाची मात्रा तांडेल बटण दाबून घेत असणार, त्यावर महिनाभर निभावलं. परवा अंगात ताप, बटण दाबायचं भान नाही, आणि मूळमात्रा आटलेली."

प्रतिदेह कंपनीचा हेर आहे, एवढंच जुईलीला आणि बाबांना ठाऊक होतं. तोच बाबांना थेंब थेंब जगवत होता, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

सालढाणांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे टिकल्या सदोष. पुरवठादाराची चूक! मग तांडेलांवर ठपका कसला? बरे झाले की खुर्ची त्यांचीच. फक्त घरच्यांचा जबाब हवा, की टिकली दंडावरून कधी काढली नव्हती." त्यांनी फाइल उघडून कागद पुढे सरकवला. "आईची सही झाली. इथे तू कर, बेटा."

इतकं सोपं? जुईलीने पेन उचललं.

"साहेब, टिकली सदोष नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सदोष टिकली वेडंवाकडं बरळते. ही कुणाची तरी खरी साखर सांगतेय. बघा ना, दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला हा माणूस जोरात पळतो. बावीस तारखेला सकाळी काहीही न खाता साखर वर, म्हणजे कशाला तरी घाबरला. अठ्ठावीसला दुपारी भरपूर गोड."

कबड्डीचा सराव. गणिताचा पेपर. स्वरालीच्या वाढदिवसाचे चार गुलाबजाम. जुईलीला तेवढ्यातही हसू फुटणार होतं. भिंतीभर तीच होती की!

"कारखान्यात दोन टिकल्यांचे क्रमांक एक झाले असावेत," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "पण मला झोप लागत नाही ती या शेवटच्या दहा दिवसांमुळे. जेवणानंतर रेघ दरवेळी किंचित जास्त चढते, किंचित उशिरा उतरते. पट्ट्याच्या आतच, म्हणून तुमची घंटा वाजली नाही. प्रतिदेहाने पुढचं गणित केलंय. चौदा महिने. मग याचं स्वादुपिंड थांबेल. तांडेलांचा आहे ना, तोच मधुमेह."

"मग?"

"आत्ता सापडला तर औषधाने दोन-तीन वर्षं लांबवता येतो. पण शोधू कुठे? त्या बिचाऱ्याला काही माहीतच नसेल."

जुईलीच्या कानांत समुद्र भरल्यासारखं झालं. उजवा हात आपोआप डाव्या दंडाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. तोंड उघडलं तर बाबांची खुर्ची गेली. नाही उघडलं तर... चौदा महिने म्हणजे बारावीची परीक्षा.

"सर," तिने विचारलं, "सही मराठीत करू की इंग्रजीत?"

"कशातही कर."

नववीपासून वहीच्या मागच्या पानावर घोटलेली सही होती ती. खऱ्या कागदावर पहिल्यांदाच केली.

जुईली खाली वॉर्डात आली तेव्हा आई चहा आणायला गेली होती. बाबांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"टिकल्याच खराब होत्या म्हणे!" जुईली जरा जास्तच मोठ्याने म्हणाली. "तुझी खुर्ची राहिली, बाबा. मी सही ठोकलीसुद्धा."

"खरं सांगतेस, जुये?" बाबांचे डोळे भरून आले. "वरनं समुद्र दिसतो गो. गोदामात खिडकी पण नाय." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू का अशी?"

"कशी? भूक लागलीय."

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आल्या. नाडी बघता बघता त्यांनी बाबांनाही तेच सांगितलं. मंगळवार, शुक्रवार, अठ्ठावीसचं गोड, चौदा महिने. "तुमच्या ओळखीत कुणाला चुकून तुमची टिकली लागली असेल का हो? एक माणूस शोधतेय मी."

जुईलीने मान हलवली. बाबांकडे बघून, कळेल न कळेल अशी. नको.

बाबांनी ते पाहिलं. मग सलाइनचा हात त्यांनी हळूच पुढे केला, तिचं मनगट पकडलं आणि बाहीचं बटण काढलं.

"बाबा, खुर्ची..."

"गप, बाय."

बाही वर सरकली. दंडावर टिकली हिरवी लुकलुकत होती.

"हीच ती," बाबा म्हणाले. "माझी पोर."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, खिशातून सुई काढली आणि खात्री करायला जुईलीचा हात मागितला. बाबांनी तो दिला नाही. त्यांनी सुई स्वतःकडे घेतली. तीस वर्षांत हजारो वेळा अशी सुई त्यांनी स्वतःच्याच बोटात टोचली होती.

"कडेला टोचायचं," ते तिचं बोट वळवून म्हणाले. "मधे दुखतं."