बारा एक आणि बारा सात

"इथे राहिली तर सुकून जाईल पोर... तूच घेऊन जा तिला बिश्केकला," सालकिन फोनवर राजधानीत राहणाऱ्या आपल्या बहिणीला सांगत होती, आणि दाराआड चहाची किटली धरून उभी असलेली चौदा वर्षांची आयझिरेक जागच्या जागी थिजली!

सालकिन तिची सख्खी आई. पण थोरलं लेकरू आजी-आजोबांचं, ही नारिनकडच्या डोंगराळ मुलखातली रीत. म्हणून चाळीस दिवसांची आयझिरेक आजीच्या मांडीवर गेली, आजीलाच आई म्हणत वाढली आणि जन्मदात्रीला 'वहिनी' म्हणू लागली. हिवाळ्यात आजी गेली... आणि ती या घरी आली, तीन दंगेखोर भावांच्या गलक्यात. लोकरीचा मोजा तिला टोचे, मेंढराच्या चरबीचा वास सोसवेना, कुणी दुसऱ्याला रागावलं तरी हिचेच डोळे भरून येत. भाऊ चिडवत, "काचेची बाई आली, हळू बोला रे."

त्याच आठवड्यात शाळेतल्या समुपदेशक जिपारताईंनी वर्गाला एक कागद दिला. बारा वाक्यं. मोठ्या आवाजाचा त्रास होतो, एकदम खूप काही घडलं की जीव घाबरा होतो... अजिबात खोटं असेल तर एक हा आकडा लिहायचा, अगदी खरं असेल तर सात. यात पास-नापास नाही, हा आजार नाही, नुसता हळवेपणा मोजायचाय, असं ताईंनी दहादा बजावलं. तरी आयझिरेकने बाराही ठिकाणी 'एक' लिहिला! जिला कशाचाच त्रास नाही, तिला कोण कशाला घराबाहेर धाडेल?

असाच कागद घरीही गेला होता, आईने मुलीविषयी भरायचा. शुक्रवारी ताईंनी दोघींना बोलावून दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. आयझिरेकचे बारा एक... आणि सालकिनचे बारा सात!

चार महिन्यांत एवढं बारीक कसं कळलं, असं ताईंनी विचारलं.

"कळायचं काय त्यात? मी स्वतःच अशी आहे," सालकिन हळूच म्हणाली. "हिला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं तेव्हा बायका म्हणाल्या, सून दगड आहे, डोळ्यांत टिपूस नाही. मी रडले असते तर सासूबाईंनी हिला परत दिली असती... आणि त्या म्हातारीला तेव्हा दुसरं कुणी नव्हतं." मग ती लेकीकडे वळली. "बहिणीकडे शांत खोली आहे गं, म्हणून पाठवत होते. नकोशी झालीस म्हणून नव्हे."

चौदा वर्षं जिला ती कोरडी समजत आली, तिच्या हृदयात एवढी वेदना मुकाट साठली होती...! आयझिरेकला हुंदका आवरेना. ताईंनी त्याच बारा वाक्यांचा एक कोरा कागद पुढे सरकवला.

"धाकटे तिघं एकदम बोलायला लागले," कागदावर सात लिहीत आयझिरेक म्हणाली, "की मला पळून जावंसं वाटतं. पण बिश्केकला नाही. शेजारच्या खोलीत. पाच मिनिटं."

"मलाही," सालकिन डोळे पुसत म्हणाली. "दोघी जाऊ. कडी लावून घेऊ आतून."