आणखी एक सांधा

तिने आजवर अकरा राक्षस रंगवले होते आणि अकराही कंपनीने डोक्यावर घेतले होते. बाराव्याने मात्र तिच्या नाकी नऊ आणले. आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पट्ट्या सुटायच्या होत्या, म्हणून महिनाभर ती घरूनच काम करत होती. वरच्या मजल्यावरची मागची खोली. एकच खिडकी, तिलाही गज. भिंतीपलीकडे आईचा पलंग.

हा प्राणी कॉम्प्युटरवरच्या एका खेळातल्या जंगलात हिंडणार होता. चित्र पाठवलं की फाइलच्या कडेला सूचना उमटायच्या, खाली नाव नसायचं. पहिली सूचना होती, 'डोळे कमी करा. लागत नाहीत.'

"कसला चोखंदळ माणूस आहे!" ती आईला म्हणाली. "सहाचे दोन केले, तरी एक जास्तच आहे म्हणतो."

"कर बाई त्याच्या मनासारखं. एकदाचं काम हातावेगळं होईल."

मग आलं, 'गुडघे मागे वळू द्या. जिन्यात अडतात.' तिने वळवले. प्राणी आधीपेक्षा भयंकर दिसायला लागला, आणि खरं सांगायचं तर ती मनातून खूश झाली. गुरुवारी आलं, 'बोटाला आणखी एक सांधा हवा. कडी निसटते.'

सांधा काढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, त्या खेळात जिना नव्हता. दार तर कुठेच नव्हतं.

तिने टीमच्या प्रमुखाला फोन लावला. "दादा, या सूचना देतंय कोण?"

"कसल्या सूचना? ताई, तुमचा प्राणी पहिल्याच दिवशी पास झाला. फाइल मी तेव्हाच बंद केली. तुम्ही अजून त्यावरच बसलायत?"

दुपारचे तीन वाजले होते. टेबलापासून दारापर्यंत लख्ख ऊन पडलं होतं. तिने प्राण्याचे दोन्ही हात खांद्यापासून पुसून टाकले, चित्र सेव्ह केलं आणि खुर्चीत मागे टेकली. जरा जिवात जीव आला.

तेवढ्यात पाठीमागे दार लागलं. त्या धक्क्याने आतली कडी आपोआप अडकली.

ती वळली. खोलीत कोणी नव्हतं. फक्त दारासमोरच्या फरशीवर, माणूस उभा राहील एवढ्या जागेत, ऊन नव्हतं.

पडद्यावर ओळ आली. 'हात परत द्या. आत आलो. आता बाहेर पडता येत नाही.'

आईला हाक मारली तर आई चाचपडत इकडेच येईल. हात दिले की हे जाईल, निदान या खोलीतून तरी जाईल. तिने ती लांब बोटं पुन्हा काढायला घेतली.

'हे नकोत.'

ती थांबली.

'आत्ता टेबलावर आहेत तसे.'

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मनगटावरचा भाजल्याचा डाग, आखूड नखं, किंचित वाकडी करंगळी. आयुष्यात इतकं हुबेहूब तिने काही काढलं नव्हतं.

'मंजूर.'

कडी सरकली. दार उघडलं, मिटलं.

बाहेरून कडी लागली.

तिने दार ओढलं, खांद्याने रेटलं. ओरडायला तोंड उघडलं.

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. शांत, झोपाळलेला.

"आलीस? अगं, हात किती गार पडलेत तुझे!"