काळ्या पडद्यावरचं मराठी

२००८च्या सप्टेंबरात, एका शनिवारी सकाळी, सुलक्षणा पिशवीत दोन सीड्या टाकून इंग्लंडातल्या बेसिंगस्टोक गावी आशाताईंकडे गेली. आशाताई घर विकून लेकीकडे एडिनबराला निघाल्या होत्या. माळ्यावरचा त्यांच्या नवऱ्याचा, मुरलीधरांचा, जुना कॉम्प्युटर चॅरिटी शॉपला द्यायचा होता. त्याआधी आतलं सगळं पुसून त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घालून दे, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मुरलीधरांना जाऊन दहा महिने झाले होते.

मुरलीधर सुलक्षणाच्या ऑफिसातले, तिच्याहून बारा वर्षांनी मोठे. ती त्यांना मुरलीदादा म्हणायची. चार वर्षं दोघांनी बिझनेस पार्कच्या कँटीनमध्ये बसून लिनक्सच्या इन्स्टॉलरचं, म्हणजे ते कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या प्रोग्रॅमचं, मराठी भाषांतर केलं होतं. लंचचा तास, गार सँडविच, प्रिंटआउटचा गठ्ठा आणि भांडणं. डिस्कचे भाग पाडण्याला, ‘पार्टिशन’ला, तिने ‘विभाजन’ लिहिलं होतं, त्यांना ‘वाटणी’ हवं होतं. साताऱ्याच्या माझ्या आत्याला कळलं पाहिजे, म्हणायचे. शेवटी विभाजनच राहिलं.

त्यांचा जीव होता तो जुन्या, काळ्या पडद्याच्या इन्स्टॉलरवर. माउस नाही, चित्रं नाहीत. एक प्रश्न, आणि तुमच्या उत्तरासाठी थांबलेला पडदा. पण त्या पडद्याला देवनागरी उमटवता येत नसे. काना-मात्रा, जोडाक्षरं दिसत ती फक्त नव्या, चित्रांच्या इन्स्टॉलरमध्ये. एवढं राबून केलेलं मराठी आपल्या लाडक्या पडद्यावर कधी दिसायचं नाही, ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती.

डायनिंग टेबलावर तिने कॉम्प्युटर जोडला. बाहेर कोवळं ऊन होतं, शेजारी कुणीतरी लॉन कापत होतं. चित्रांच्या इन्स्टॉलरची रंगीत पट्टी अर्ध्यावर येऊन गोठली. मेमरी कमी पडणार हे तिला वाटलंच होतं. तिने दुसरी सीडी घातली, काळ्या पडद्याची, आणि भाषा इंग्लिश निवडली. यादीत मराठी नव्हतंच.

पुढचा प्रश्न मराठीत आला.

अक्षरं करडी, नीटस. एकही जोडाक्षर तुटलेलं नाही. कुणीतरी नवा फॉन्ट घातला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण ही सीडी तिनेच तीन वर्षांपूर्वी बर्न केली होती. भाषांतरही बरंचसं तिचंच होतं. फक्त वाक्यांचे शेवट बदलले होते. तिने ‘पुढे जा’ लिहिलं होतं. इथे ‘चला पुढे’ होतं.

आशाताई चहा घेऊन आल्या आणि तिच्या मागे उभ्या राहून वाचू लागल्या. 

“हे असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “कुठे निघायचं असलं की.”

सुलक्षणाने एंटर दाबलं.

‘वीस जीबीची एक डिस्क सापडली. भरलेली आहे. वाटणी करायची का? आधीचं सगळं जाईल.’

खाली ‘हो’ आणि ‘नाही’. वाटणी हा शब्द तिने पुन्हा पुन्हा वाचला. बोटं तिने कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवली होती.

पडद्यावर आणखी एक ओळ उमटली.

‘तिला विचार.’

लॉनमोअर थांबला होता.

“आशाताई, काय करू?”

आशाताईंनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी कप खाली ठेवला.

“नाही म्हण. राहू दे.”

तिने ‘नाही’ निवडलं. पडदा मिटला. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज हळूहळू विरत गेला.

निदान डिस्क काढून तुमच्याजवळ देते, असं सुलक्षणा म्हणाली. आशाताईंनी किचनमधल्या ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर आणला. चार स्क्रू निघाले, झाकण सरकलं.

डिस्कची जागा रिकामी होती. दोन्ही वायरी व्यवस्थित गुंडाळून त्यांना रबर बँड लावलेला होता, आणि त्या सगळ्यावर धुळीचा जाड, कुठेही न मोडलेला थर होता.