अकराव्या दिवशी थांबलेला हदगा

ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली, चौपदरी घडी घातलेला तो कागद शामलाच्या हाती लागला, आणि तिने तो उलगडून खिडकीच्या उजेडात धरला मात्र, सरोजिनीच्या हातातला पितळी तांब्या निसटून फरशीवर घरंगळत गेला. पिवळ्या पडलेल्या त्या कागदावर दोन हत्ती समोरासमोर सोंडा उंचावून उभे होते. एकवीस वर्षांत त्यांना कोणी उजेड दाखवला नव्हता...

"काकू, हा तर हदगा आहे," शामला म्हणाली. "सच्ची, आपल्या घरात हदगा होता? मग तू मला सांगितलं का नाहीस?"

सरोजिनी तांब्या उचलायला वाकली. दारात शालिनीताई उभ्या होत्या.

"ठेव तो जागच्या जागी," त्या मुलीला म्हणाल्या, आणि मग सरोजिनीकडे न पाहता, "ट्रंक तू भर, सरू. पोरीच्या हाती जुन्या वस्तू देऊ नयेत, एवढे तुला कळायला हवे होते."

शालिनीताई म्हणजे मुकुंदरावांची पत्नी, शामलाची आई आणि सरोजिनीची थोरली जाऊ. दक्षिणेतून घोड्यावर आलेल्या शिलेदारांचे हे घराणे. घोडे केव्हाच गेले होते, पण शालिनीताईंच्या शब्दाचा लगाम घराला अजून होता. आधी संस्थान विलीन झाले, मग मध्यभारत झाला आणि आता येत्या पहिल्या नोव्हेंबरपासून राजधानी भोपाळला जाणार होती; मुकुंदरावांची कचेरी तिकडे निघाली म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले हे बिऱ्हाडही निघाले होते. जायचे की नाही, हे सरोजिनीला कोणी विचारले नव्हते. पाटा, वरवंटा, देव्हारा यांना तरी कोण विचारते?

शामलाच्या शाळेत त्या वर्षी मोठी गडबड होती. मराठी शिकवणाऱ्या सुधाताईंनी मुलींना सांगितले होते की, आपले पणजोबा घोड्यावरून आले, पण पणज्या मागाहून बैलगाड्यांतून आल्या, आणि त्यांच्या गाठोड्यांतून हदगा ग्वाल्हेरीस आला. सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की सोळा दिवस हत्तीच्या चित्राभोवती फेर धरायचा, शेतातल्या भरत्या कणसांची गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीचा डबा झाकलेला असायचा, तो नुसता वाजवून दाखवायचा, आणि आत काय आहे हे फेरातल्यांनी ओळखायचे. कोणालाच ओळखता आले नाही तर करणारीचा मान मोठा. आता कोणाचे बिऱ्हाड भोपाळला चालले होते, कोणाचे इंदूरला, कोणी पुण्याकडे परतत होते. पुढच्या वर्षी हा मराठी वर्ग तरी भरेल की नाही, कोणी सांगत नव्हते. तेव्हा जे आहे ते मुलींनी घरोघरी फिरून वहीत उतरावे आणि शाळेच्या अंगणात एकदा तरी सोळा दिवस पुरे करावेत, असा सुधाताईंचा हट्ट होता.

मुली पाटणकर बाजारापासून मुरारपर्यंत फिरल्या. अकरा गाणी मिळाली. पुढची पाच मात्र कोणालाच धड येत नव्हती. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले की, ती गाणी फक्त शामलाच्या घरी म्हणत असत.

त्याच दुपारी शामलाने सरोजिनीचा पदर धरला. टीचरने सांगितलंय की पाच गाणी मिळाली नाहीत तर हदगा अधुरा राहील, ती म्हणाली, आणि तुला येतात हे मला ठाऊक आहे, कारण तांदूळ निवडताना तुझी बोटं सुपावर चालत असतात.

सरोजिनीने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ती उठून गेली. ती काय सांगणार होती? लग्न होऊन आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी हदग्याआधीच शिकवलेली ती पाचही गाणी तिच्या छातीत शब्द न् शब्द जिवंत होती, आणि त्यांच्यावर शपथेचे कुलूप होते.

लग्नानंतरचे तिचे ते पहिलेच वर्ष. अंगणात हदगा मांडला होता, अकरावा दिवस होता, आणि एकोणीस वर्षांची सरोजिनी हिरव्या बांगड्या वाजवीत फेरात नाचत होती. तिचे यजमान बळवंतराव मुरारच्या छावणीत रिसाल्यात होते. चार दिवसांपासून ताप आहे, एवढेच घरी ठाऊक होते. अकरावे गाणे संपले, खिरापतीचा डबा अजून उघडलाही नव्हता, तेवढ्यात शालिनीताईंनी तिला आत बोलावून सांगितले की, टांगा उभा आहे, मुरारला चल. ती पोचली तेव्हा पलटणीच्या दवाखान्यात बळवंतरावांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ते दाराकडे पाहत होते, असे तेथल्या कंपाउंडरने सांगितले.

बळवंतराव गेल्याच्या तेराव्या दिवशी शालिनीताईंनी हत्तींचे चित्र भिंतीवरून उतरवले आणि त्यांच्या तलवारीवर सरोजिनीचा हात ठेवून वदवून घेतले की, हदग्याचे गाणे पुन्हा जन्मात ओठांवर आणणार नाही. "तुझ्या गाण्यांनी या घराचे भले केले नाही," एवढेच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यात सरोजिनीचे उरलेले आयुष्य कोंडले गेले. स्वयंपाकघर, तुळस, दत्ताचे देऊळ आणि पुन्हा स्वयंपाकघर... ऋतू बदलत, हस्ताचा पाऊस येई, शेजारच्या अंगणांतून मुलींचे आवाज येत, आणि ही दाराच्या आड ओठ घट्ट मिटून सुपात तांदूळ निवडीत बसे.

आणि शपथेहूनही जड असे आणखी एक ओझे तिच्यापाशी होते. वैधव्याच्या दुसऱ्या वर्षी देवळाच्या पायरीवर रिसाल्यातला एक जुना शिपाई भेटला होता. हात जोडून तो म्हणाला होता, "बाईसाहेब, हम तो उस दिन दो बजे ही खबर लेकर आ गए थे. बड़ी बाईसाहेब को बता दिया था." फेर संपला तेव्हा पाच वाजले होते. मधले तीन तास कोठे गेले, हे त्या दिवशी सरोजिनीला कळले. घरी येऊन तिने चूल पेटवली, भाकऱ्या केल्या आणि जावेला वाढले. आधी भयाने ती गप्प राहिली, कारण दुसरे छप्पर नव्हते. पुढे शामला जन्मली, शालिनीताई वर्षभर अंथरुणाला खिळल्या, आणि ते मूल सरोजिनीच्या खांद्यावर वाढले. तेव्हापासून ती करुणेने गप्प राहिली.

शाळेतल्या हदग्याच्या बाराव्या दिवशी सकाळी मात्र तिच्याने राहवले नाही. शामलाबरोबर तीही अक्षरे शिकली होती. स्वयंपाकघराचे दार लोटून तिने मुलीची पाटी घेतली आणि बारावे गाणे लिहिले. शपथ ओठांची होती, बोटांची नव्हती, असे तिने स्वतःला बजावले; तरी पाटी देताना देव्हाऱ्याकडे पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. शामलाने ते वहीत उतरवले आणि पाटी पुसून परत ठेवली. तेराव्या दिवशी तेरावे. असे सोळाव्यापर्यंत चालले, आणि काकूचे नाव कोठे घ्यायचे नाही, हे त्या अकरा वर्षांच्या पोरीने न सांगता ओळखले.

सोळाव्या दिवशी सुधाताई स्वतः घरी आल्या. शालिनीताईंनी अध्यक्षस्थानी बसावे आणि एक खिरापत या घरची असावी, अशी विनंती त्यांनी इतक्या अदबीने केली की नाही म्हणणे शालिनीताईंच्या मानाला शोभले नसते. खिरापत सरोजिनीनेच केली. डबा जड, म्हणून तो घेऊन तीही गेली, आणि शाळेच्या अंगणात भिंतीलगत, जेथे सर्वांनी वहाणा काढल्या होत्या तेथे, डबा मांडीवर घेऊन बसली.

पाटावर नव्याने रंगवलेला हत्ती होता, वर सोळा फळांची माळ होती, आणि भोवती चाळीस मुली हात धरून उभ्या होत्या. पहिले गाणे झाले, दुसरे झाले, अकरावे झाले. कोठे शब्द हिंदीकडे झुकत होते, पण ठेका खरा होता. मग बारावे सुरू झाले, आणि सरोजिनीने झटकन मान वर केली.

मुलींना शब्द मिळाले होते, चाल कोठे मिळाली होती? पाटीवर चाल लिहिता येत नाही! मुलींनी आपल्या बुद्धीने ती पाचही गाणी शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेच्या चालीवर बसवली होती. नाचऱ्या पावलांचे ते गाणे हात जोडून उभे राहिल्यासारखे संथ चालले होते, फेर अडखळत होता, मुली एकमेकींच्या पायांवर पाय देत होत्या. वहीत असेच राहणार, सरोजिनीच्या मनात आले. उद्या या मुली भोपाळला, इंदूरला जातील आणि आपल्या लेकींना हे मेलेले गाणे शिकवतील. आणि ते मी मारले... शपथ पाळली आणि गाणे मारले.

तिचे ओठ मिटलेलेच होते. पण मांडीवरच्या डब्याच्या झाकणावर तिची बोटे चालू लागली. आधी हलकेच, मग स्पष्ट. खरा ठेका.

पुढच्या खुर्चीवरून शालिनीताईंनी मान वळवली.

सरोजिनीची बोटे जागीच थिजली. त्या नजरेला ती एकवीस वर्षे भीत आली होती. पाटी, दाराआडची अक्षरे, सारे आता उघडे पडणार, असे वाटून तिने डोळे खाली घातले. शालिनीताई उठल्या, आणि त्यांच्या चालण्याबरोबर अंगणातले आवाज एकेक विझत गेले. पण त्या सरोजिनीकडे आल्या नाहीत. फेर फोडून सरळ हत्तीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या मुलींना म्हणाल्या. "ही प्रार्थना नव्हे. शेतात कणीस भरले आहे, आणि तुम्ही हात जोडून उभ्या काय राहता?"

आणि त्या पोक्त, करड्या बाईने डावा पाय पुढे टाकला, टाळी दिली, आणि फाटक्या आवाजात खऱ्या चालीवर पहिली ओळ म्हटली,

"हत्ती निघाला शेताला, दाणा भरला कणसाला..."

दुसऱ्या ओळीपाशी त्या अडल्या. पुन्हा पहिली ओळ म्हणाल्या, पुन्हा अडल्या. चाळीस मुली, त्यांच्या आया, सुधाताई, सगळ्या पाहत होत्या, आणि जन्मात कोणापुढे न अडलेली ती बाई भर अंगणात ओळ विसरून उभी होती.

"सरू," त्या म्हणाल्या, "पुढे काय ग?"

सरोजिनी उठली तेव्हा डबा तिच्या हातांतच होता. "ताई, मला शपथ आहे."

"शपथ मी घातली होती. मीच सोडवते. ये."

वहाणांच्या राशीतून वाट काढीत सरोजिनी फेरापाशी आली. कपाळ मोकळे, मनगटे मोकळी; फेरात विधवेने पाऊल टाकावे की नाही, याची कुजबूज आयांच्या रांगेतून उठली, पण शालिनीताईंनी त्या रांगेकडे एकदाच पाहिले आणि कुजबूज बसली. त्यांनी जावेच्या हातांतला डबा हत्तीपाशी ठेवला आणि हात धरून तिला आत घेतले. आवाज प्रथम फुटेना. मग फुटला... आणि एकवीस वर्षे अंधारात कोंडलेली पाच गाणी एकापाठोपाठ एक उजेडात आली. मुली आधी ऐकत होत्या, मग टाळी देऊ लागल्या, मग गाऊ लागल्या. शामला गाता गाता रडत होती, आणि वही तिने खाली ठेवली होती.

परतीच्या टांग्यात तिघी होत्या. शामला दमून आईच्या मांडीवर झोपी गेली. पाटणकर बाजारात दिवे लागत होते. शालिनीताई घोड्याच्या पाठीकडे पाहत होत्या.

"गाण्यांचा दोष नव्हता, सरू," त्या म्हणाल्या. "तुला बोलावल्याचा निरोप दुपारी दोनलाच आला होता. मला वाटले, साधा ताप आहे. पंचवीस बायका अंगणात होत्या, फेर मोडू नये म्हणून मी तो निरोप पदरात बांधून ठेवला. मी तुझे तोंड बंद केले, कारण ते गाणे कानी आले की मला ते तीन तास दिसत."

"ठाऊक आहे, ताई."

शालिनीताईंनी चमकून पाहिले.

"एकोणीस वर्षे झाली. शिपाई भेटला होता."

"आणि तू मला रोज वाढत राहिलीस?" त्यांनी विचारले. ज्या डोळ्यांना घराने कधी ओलावलेले पाहिले नव्हते, ते भर बाजारात वाहू लागले. सरोजिनीने आपला पदर पुढे केला. क्षमा, राग, हिशेब, कशाचाच उच्चार तिने केला नाही. भोपाळचे स्वयंपाकघर पुढे होते, तीच चूल, तेच चार कोपरे, आणि तेथे या बाईबरोबरच राहायचे होते. पण दार आता बाहेरून लावलेले नसेल, एवढे खरे.

"त्या दिवशीचा डबा राहिलाच उघडायचा," डोळे पुसून शालिनीताई म्हणाल्या. "मी तीन तास का थांबले, तेही त्या डब्यातच होते. बळवंतभावोजींना आवडायची ती वस्तू मी केली होती. खिरापत वाटली की उरलेली तुझ्याबरोबर मुरारला पाठवीन, असा बेत होता. काय होते, ओळख बघू."

सरोजिनीने क्षणभर डोळे मिटले. त्या सकाळी भाजलेल्या कणकेचा, गुळाचा आणि जायफळाचा वास सबंध माजघरभर दरवळला होता. नवी सून हसून मनात म्हणाली होती, गूळपापडी! तो वास ती एकवीस वर्षांत एक दिवसही विसरली नव्हती.

"करंज्या?" ती म्हणाली.

"नाही."

"मग... खोबऱ्याच्या वड्या?"

"नाही ग."

टांगा घराकडे, गोरखीच्या रस्त्याला वळला. सरोजिनीने जावेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हरले, ताई," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."