इंजिनघरातली घंटी

फोन खिशात घाला आधी. घातले? आता ऐका. ही गोष्ट माझ्या साडूची. तो आयुष्यभर फिटर होता आणि गोष्ट रचायला लागते ती कल्पनाशक्ती त्याच्याकडे औषधालाही नाही. म्हणून मी तरी ती खरी धरतो.

गोदीच्या शेवटच्या धक्क्याला एक जुनी प्रवासी बोट बांधलेली होती. सातशे माणसं घेऊन समुद्र ओलांडायची. पुढं लोक विमानानं जायला लागले आणि ती घरी बसली. साडूनं तिच्या इंजिनघरात एकोणीस वर्षं काढलेली. तिचं संग्रहालय व्हावं म्हणून त्यानं आणि आणखी सहा म्हाताऱ्यांनी समिती काढली आणि हेलपाटे घालून जोडे झिजवले. बोट जपणं सोपं नाही रे. एक बाजू रंगवून होईस्तोवर दुसरीला गंज. तळात सतत पाणी झिरपतं, ते पंपानं उपसत राहायचं, नाहीतर बुडालीच.

त्यात गोदीच्या कचेरीनं वीज तोडली. का? तर सुरक्षेचा दाखला नाही. दाखला कधी मिळणार? तळातलं पाणी हटल्यावर. पाणी कसं हटणार? पंपानं. आणि पंप चालणार विजेवर! वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही, आणि लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही. साडू त्या कचेरीत टेबल आपटून आला, पण टेबलाला काय फरक पडतोय.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तपासणी अधिकारी येणार होता. पाणी अठरा इंचांच्या वर दिसलं, तर बोट मोडीत. म्हणून सतरा मार्चला, मंगळवारी, रात्री सव्वाअकरा वाजता साडू हातपंप आणि बॅटरी घेऊन एकटाच खाली उतरला. बाकीचे सहा? कुणाचे गुडघे, कुणाची सून.

बायकोचा फोन आला. "अहो, या ना घरी. बोट काय तुमच्या तीर्थरूपांची आहे का?"

"तू झोप. उपसतो आणि येतो."

"पंचवीस वर्षं हेच ऐकतेय मी," म्हणाली, आणि ठेवला.

पाणी मोजायची त्यांची रीत साधी. सळईला खडू चोळायचा, ती नळीतून तळापर्यंत सोडायची, खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. साडेअकराला चौदा इंच निघालं. पण सकाळपर्यंत झिरपून वाढणारच, म्हणून तो पंप मारत बसला. खांदे भरून आले. दीड वाजता पुन्हा मोजलं, एकवीस. दोन तास घाम गाळून पाणी वाढलंच होतं. तेव्हा त्याला रडू आलं, असं त्यानं स्वतः मला सांगितलं. सळई भिरकावून दिली आणि कचेरीला अशा शिव्या घातल्या की त्या तुमच्यासमोर नकोत.

आणि घंटी वाजली.

इंजिनघरात एक पितळी तबकडी असते. कप्तान वर दांडा फिरवतो, खाली घंटी वाजते, काटा हुकमावर जातो. खालच्यानं आपला दांडा त्याच हुकमावर नेला की वर उत्तर पोचतं. पण या तबकडीची साखळी चोरांनी कधीच कापून नेलेली. वर दांडासुद्धा नव्हता.

काटा 'सावकाश पुढे'वर होता.

आता तुम्ही-आम्ही जिना गाठला असता. पण साडूच्या अंगात एकोणीस वर्षांची सवय. घंटी आली की आधी उत्तर, विचार मागून. हात आपोआप गेला. दांडा फिरवला. उत्तर दिलं…

मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं.

पायाखालचे पत्रे थरथरले. थोडेसेच. गरम तेलाचा वास आला. बॅटरी विझली.

अंधारात कुणीतरी चालत होतं. यंत्राच्या पलीकडून. चार पावलं… थांबायचं. चार पावलं… थांबायचं. पाळीवरचा माणूस एकेका बेअरिंगवर तळवा ठेवून बघतो ना, गरम झालंय का. तसंच.

साडूनं दांडा सोडला नाही.

पावलं वळून त्याच्या बाजूला आली. चार पावलं… थांबली. चार…

अगदी पाठीशी थांबली.

"कोण…?"

त्यानं दांडा आणखी घट्ट धरला.

"साहेब…?"

…

तो वळला नाही. वरच्या काचेतून उजेड येईपर्यंत तसाच उभा होता. मग सळई शोधली, खडू चोळला, नळीत सोडली. वर आली ती कोरडी. पांढरीफटक.

नऊ वाजता अधिकारी आला. अहवाल टाइप करूनच आणला होता त्यानं! साडूनं सळई दाखवली. "बघा साहेब, थेंब नाही."

"असेल. पण यात पंचवीस इंच लिहिलंय आणि कागद वर मंजूर झालाय. आता कसा बदलणार?"

"अहो, पण पाणीच नाहीये तर!"

"काका, उगाच जीव लावून बसलात. बावीस वर्षं मेलेलं लोखंड आहे हे," असं म्हणत त्यानं समजूत घालावी तशी बेअरिंगवर थाप मारली.

किंचाळलाच तो. हात असा मागे ओढला…

त्यानं सही मात्र केलीच. आठव्या दिवशी बोट ओढून नेली आणि तोडली. साडू धक्क्यावर गेला नाही, घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

त्या अहवालाची प्रत मी पाहिली आहे. शेवटची ओळ अशी, 'इंजिन बावीस वर्षांपासून थंड.' त्याखाली सही, पहिलीतल्या पोरानं करावी तशी वाकडीतिकडी. डाव्या हातानं केलेली. उजव्या तळव्यावर लिंबाएवढा फोड आला होता.